थेट कौल (भाग ५) : निम्मे कशाचे?

गेल्या आठवड्यात आपण पाहिले की एखादा प्रश्न मतपत्रिकेवर आणायचा तर सह्या कशा गोळा कराव्या लागतात. आज त्यापुढची पायरी पाहू. मते पडून झाल्यावर ‘बहुमत’ कशाला म्हणायचे? निवडणुका जवळ आल्या की वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातल्या हिंगणीत काय किंवा दुसऱ्या कोणत्याही गावात काय, बोलणे उमेदवारांचे चालते. सरपंचपद कोणत्या प्रवर्गाला सुटले, कोणता वॉर्ड राखीव झाला, कोण कोणाच्या पॅनलमध्ये गेले. उमेदवाराच्या निवडणुकीत निम्म्याचा हिशेब करावाच लागत नाही. मतदान चाळीस टक्के होवो की ऐंशी, ज्याला एक मत जास्त तो निवडून आला. पण माणूस निवडण्याऐवजी एखाद्या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणायचे असते तेव्हा नियम बदलतो, आणि तो बदलला आहे हे पुष्कळांना मतमोजणी झाल्यावरच कळते. थेट मतदानाचा निकाल बऱ्याचदा मतदानाच्या आधीच, छेदात कोणता आकडा धरला आहे यावर ठरलेला असतो, असे माझे म्हणणे आहे.

महाराष्ट्रात सामान्य मतदाराला माहीत असलेले असे मतदान एकच, आडव्या बाटलीचे. २००८ च्या शासन आदेशाने त्याची पद्धत ठरवून दिली. गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी परवानाधारक दारू दुकान बंद करण्याची लेखी मागणी करायची. त्या सह्यांची पडताळणी झाली की गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या आणि आडवी बाटली म्हणजे बंद करा. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाही हा प्रश्न एका नजरेत कळतो, आणि या पद्धतीचे मोल त्यातच आहे. अडचण शेवटच्या अटीत आहे. आडव्या बाटलीला पडलेली मते एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त हवीत. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त असून भागत नाही, यादीत जेवढी नावे आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त हवीत. समजा, यादीत एक हजार महिला आहेत. सहाशे मतदानाला आल्या आणि त्यांतल्या चारशे नव्वद जणींनी बाटली आडवी केली. आलेल्या दर पाच जणींपैकी चौघींनी दुकान नको म्हटले, तरी दुकान चालूच राहील, कारण ५०१ मते हवी होती. घरी राहिलेल्या चारशे जणींनी कोणतेच मत दिलेले नाही. हिशेबात मात्र त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूला जाऊन बसतात.

ही अट किती कडक आहे हे एका जुन्या निकालावर तपासता येते. मराठी मुलखाच्या भोवती झालेले सर्वांत मोठे थेट मतदान म्हणजे गोव्यातला १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचे तर फुलावर शिक्का, केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे तर दोन पानांवर. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे सुमारे ८२ टक्क्यांनी मतदान केले. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली आणि फुलाला १,३८,१७०. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण फेटाळले गेले आणि गोव्याचा प्रश्न तिथेच मिटला. आता या निकालाला आडव्या बाटलीची अट लावा. एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त म्हणजे किमान १,९४,२१७ मते. दोन पाने २२,०२६ मतांनी कमी पडली असती. जिंकलेल्या बाजूकडे एकूण मतदारांपैकी फक्त ४४ टक्के मते होती. एका प्रदेशाचे भवितव्य ठरवायला पुरेसा झालेला आणि पुढे सगळ्यांनी मान्य केलेला कौल एका गावातले दारूचे दुकान बंद करायला अपुरा ठरला असता.

गोव्यात मतदान ८२ टक्के झाले होते, तरीही हे चित्र. गावात दुसरी एक गोष्ट आकडा आणखी फुगवते, ती म्हणजे मतदार यादी. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीत राहून जाते. वारलेल्या आजीचे नाव कोणी कमी केलेले नसते. कामासाठी पुण्याला किंवा नागपूरला गेलेले कुटुंब यादीत गावातच असते. उमेदवाराच्या निवडणुकीत अशा नावांनी निकालाला फारसा धक्का लागत नाही, कारण न आलेले मत कोणाच्याच खात्यात जमा होत नाही. आडव्या बाटलीत मात्र यादीतले प्रत्येक चुकीचे नाव थेट दुकानाच्या बाजूने मोजले जाते. म्हणून सह्यांची मोहीम सुरू होण्याच्या कितीतरी आधी, यादी दुरुस्तीच्या काळात, हे काम व्हायला हवे. नाव वगळण्यासाठी नमुना ७ आणि पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८. हे दोन कागद वेळेत भरले गेले तर छेद खऱ्या आकड्याजवळ येतो. चळवळी मोर्चांना मनुष्यबळ देतात तेवढे या कामाला देत नाहीत, आणि मला ती त्यांची चूक वाटते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. परवाना हा कोणाचा तरी रोजगार असतो, तो मूठभर लोकांच्या उत्साहावर काढून घेता येऊ नये. उद्या शंभर जणींच्या मतदानात निम्म्याहून जेमतेम जास्त जणींनी बाटली आडवी केली तर हजार जणींच्या गावाचा तो निर्णय मानायचा का? मानू नये. पण उंबरठा उंच ठेवायचा असेल तर तो मत देणाऱ्यांच्या संख्येवर ठेवता येतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात घटनादुरुस्तीच्या प्रश्नाला झालेल्या मतांच्या ६० टक्के मते लागतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये गर्भपाताच्या हक्काचा प्रस्ताव तिथे ५७ टक्के मते मिळूनही पडला. अट कडक होती, पण घरी बसलेल्याचे मत कोणाच्या पदरात टाकलेले नव्हते. दुसरा मार्ग किमान मतदानाच्या अटीचा. इटलीत एखादा कायदा रद्द करण्याच्या सार्वमताला निम्म्याहून जास्त मतदारांनी यावेच लागते. याही अटीत एक पळवाट आहे. जून २०२५ मध्ये तिथे नागरिकत्व आणि कामगार कायद्यांवर सार्वमत झाले तेव्हा प्रस्तावांच्या विरोधकांनी लोकांना मतदानाला जाऊच नका असे सांगितले, मतदान ३० टक्क्यांच्या आसपास राहिले आणि सगळे प्रस्ताव बाद झाले. तेव्हा मला सर्वांत न्याय्य वाटतो तो पहिला मार्ग. झालेल्या मतांच्या ६० टक्के ठेवा, हवे तर दोन तृतीयांश ठेवा, पण मोजा फक्त पडलेली मते.

आपल्याच राज्यात दुसरीकडे नेमकी उलट अट आहे. हिंगणीची ग्रामसभा भरवायला १५ टक्के मतदार किंवा शंभर जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती पुरते. तेवढेही जमले नाहीत आणि सभा तहकूब झाली, तर पुन्हा भरणाऱ्या सभेला तीही अट नाही. गावाचा वर्षाचा विकास आराखडा अशा सभेत हात वर करून मंजूर होतो. थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने अविश्वास ठराव केला तर तो विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाला येतो, आणि तिथेही निकाल पडलेल्या मतांवरच लागतो. गावाचा आराखडा आणि सरपंचाची खुर्ची आलेल्यांच्या मतावर ठरते, आणि दारूचा परवाना तेवढा न आलेल्यांच्या संख्येवर टिकतो, याचे पटण्यासारखे कारण मला सापडत नाही.

हिंगणीच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. वर्धा जिल्ह्यात जवळपास पन्नास वर्षांपासून दारूबंदी आहे. सेवाग्राम आणि पवनारचा हा जिल्हा. परवानाधारक दुकानच नसल्यामुळे आडव्या बाटलीचे मतदान इथे होऊच शकत नाही. अवैध दारूविरुद्ध इथल्या महिला मंडळांनी वर्षानुवर्षे लढा दिला आहे, पण दारूबंदी असावी की नसावी, असेल तर तिची अंमलबजावणी कशी व्हावी, यावर जिल्ह्याला थेट मत देण्याची सोय कायद्यात नाही. शेजारच्या चंद्रपूरचा अनुभव ताजा आहे. तिथे मोठे आंदोलन झाले, शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले आणि १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदी आणताना समिती नेमली, उठवतानाही समिती नेमली, निवेदनांचे गठ्ठे दोन्ही वेळा जमा झाले. मतपेटी एकदाही ठेवली गेली नाही.

आमदार-खासदार निवडून दिलेले असताना पुन्हा वेगळे मतदान कशाला, असा प्रश्न इथे येतो. त्याचेही उत्तर गोव्यात आहे. विलीनीकरणाची मागणी करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेत होता आणि विधानसभेने विलीनीकरणाच्या बाजूने ठरावही केला होता. प्रतिनिधींचेच म्हणणे अखेरचे मानले असते तर प्रश्न तिथेच संपला असता. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून दयानंद बांदोडकरांचे सरकार डिसेंबर १९६६ मध्ये पायउतार झाले, मतदारांनी जानेवारीत विलीनीकरण नाकारले, आणि त्याच मतदारांनी मार्चमधल्या निवडणुकीत बांदोडकरांच्या पक्षाला तीसपैकी सोळा जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसवले. माणूस हवा, पण त्याचा हा एक मुद्दा नको, हे सांगण्याची जागा मतदाराला प्रश्नाच्या मतपत्रिकेवरच मिळाली. उमेदवाराच्या मतपत्रिकेवर ती मिळत नाही.

म्हणून निवडणुकीचे वर्ष येण्याआधीच प्रश्नांवर नजर ठेवावी लागते, आणि त्यासाठी माहिती वेळेत हातात असावी लागते. कॅलिफोर्नियात नागरिकांचा प्रस्ताव मतदानाच्या १३१ दिवस आधी पात्र ठरावा लागतो, आणि प्रस्तावाचा मजकूर व दोन्ही बाजूंचे युक्तिवाद यांची सरकारी पुस्तिका मतदारांना घरपोच मिळते. आपल्याकडे ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी फलकावर लागते. राज्यात आडव्या बाटलीच्या किती मागण्या आल्या, किती सह्या बाद झाल्या, किती ठिकाणी बहुमत असूनही दुकान राहिले, हे मतदाराला एका जागी वाचता येईल अशी नोंदवही हवी, आणि ती राज्य उत्पादन शुल्क विभागाने ठेवायला हवी.

हिंगणीच्या वाचकांना माझी विनंती आहे. दारूचा प्रश्न आज तुमच्या मतपत्रिकेवर नाही, पण ग्रामसभेचा ठराव तुमच्या हातात आहे. येत्या ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा होईल. तिच्या विषयपत्रिकेत दोन विषय लेखी मागून घ्या: मतदार यादीचे जाहीर वाचन, आणि थेट मतदानात बहुमत झालेल्या मतांवर मोजावे अशी शासनाकडे मागणी. ठराव झाला की त्याची सही-शिक्क्याची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून त्याच दिवशी मागा.