विषय ‘प्राचीन इतिहास’, पैसे किती लावाल?

‘जेपर्डी’ हा मर्व्ह ग्रिफिनचा अमेरिकी क्विझ शो 1964 पासूनचा. खरी रंगत येते शेवटच्या फेरीत. आधी फक्त विषय कळतो, समजा ‘प्राचीन इतिहास’. तेवढ्यावरच रक्कम लावायची. मग प्रश्न दिसतो आणि उत्तर लिहायला 30 सेकंद!

गणित बघा. पहिल्याकडे 16,000 डॉलर, दुसऱ्याकडे 11,000, तिसरा फार मागे. दुसऱ्यानं सगळं लावलं आणि उत्तर बरोबर आलं, तर त्याचे 22,000. म्हणून पहिला 6,001 लावतो. बरोबर आला तर 22,001, चुकला तर 9,999. म्हणजे पहिला चुकला, तर एक डॉलरही न लावता दुसरा बाजी मारतो.

आता मी रचलेला एक नमुना प्रश्न: ‘चंद्रगुप्त मौर्याशी तह करून यानं 500 हत्ती मिळवले आणि इ.स.पू. 301 मध्ये इप्ससची लढाई फिरवली.’

उत्तर प्रश्नाच्याच रूपात द्यायचं: ‘सेल्युकस कोण होता?’

लढाईत झालं असं: सेल्युकसचा प्रतिस्पर्धी अँटिगोनस याचा मुलगा डिमिट्रियस शत्रूचा पाठलाग करत घोडदळासह लांब गेला. परतताना वाटेत हत्ती आडवे! घोडे हत्तींना बिचकतात. मदत पोचलीच नाही आणि अँटिगोनस रणांगणावरच पडला.

तयारी करणाऱ्यांनो, नुसत्या सनावळ्या घोकू नका. कोणाचा तह कोणाशी झाला आणि त्यातून पुढं काय घडलं, हे नकाशा समोर ठेवून वाचा. ‘चंद्रगुप्त’ आणि ‘हत्ती’ एवढ्या दोन खुणांवरूनही नाव सुचतं.