सायकलस्वार घाटात पडला, तर जीपीएसला कळतं का?

मागे टूर द फ्रान्सचा डोंगरातला एक टप्पा फोनवर बघत होतो. पुढचा ग्रुप आणि मागचा ग्रुप यांच्यात १ मिनिट १२ सेकंदांचं अंतर, असं स्क्रीनवर दिसत होतं. शेजारी बसलेल्या धाकट्या भावाने विचारलं, "दादा, हे मोजतं कोण?" त्याला उत्तर देता देता मी वेगळ्याच प्रश्नावर जाऊन पोचलो.

आधी त्याचं उत्तर. २०१५ साली टूरमध्ये प्रत्येक रायडरच्या सीटखाली एक छोटा जीपीएस सेन्सर लावला गेला. रायडर १९८, म्हणजे नकाशावर १९८ ठिपके. इथे एक गोष्ट बरेच जण चुकीची समजतात. जीपीएस तुमचं लोकेशन कुणालाही पाठवत नाही! चिप फक्त सॅटेलाइटचे सिग्नल ऐकते आणि आपण कुठे आहोत ते स्वतःपुरतं काढते. पुढे कळवायला वेगळी सोय लागते. आपल्या फोनमध्ये ते काम मोबाइल नेटवर्क करतं. टूरमध्ये सेन्सरचा डेटा रेडिओने शर्यतीसोबतच्या गाड्यांकडे, तिथून आकाशातल्या हेलिकॉप्टर आणि विमानाकडे आणि मग फिनिश लाइनजवळच्या ट्रककडे जातो.

आता सेकंद कसे येतात ते बघा. चढावर ताशी २० किमी वेगाने ६० सेकंदांचं अंतर म्हणजे साधारण ३३३ मीटर. उतारावर वेग ७० झाला की तेच ६० सेकंद म्हणजे जवळपास ११७० मीटर. त्यामुळे नुसते मीटर मोजून उपयोग नाही. पुढचा रायडर याच जागेवरून किती वाजता गेला, ही नोंद काढून वजाबाकी करावी लागते.

डोंगरात यात गंमत होते. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतं, पण कड्याजवळ सिग्नल अडतो किंवा दगडावर आपटून उशिरा येतो. आल्प द्युएझच्या चढावर २१ वळणं आहेत. वळणाच्या वरचा आणि खालचा रस्ता नकाशावर अगदी जवळजवळ दिसतात. ठिपका जरा सरकून चुकीच्या रस्त्याला चिकटला, की रायडर एका क्षणात काहीशे मीटर पुढे! जेवण घेऊन येणारा डिलिव्हरीवाला मधूनच बाजूच्या गल्लीत उडी मारतो ना, तोच प्रकार. उपाय म्हणजे आधीचा ठिपका आणि वेग लक्षात ठेवायचा आणि अशक्य उड्या फेकून द्यायच्या.

इथपर्यंत सगळं मजेचं. पण मग आपण म्हणतो, प्रत्येक रायडर दिसतोय, म्हणजे कुणी पडलं तर लगेच कळेलच.

तसं होत नाही.

जून २०२३ मध्ये टूर द स्विसमध्ये आल्बुला घाट उतरताना २६ वर्षांचा गिनो मेडर दरीत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच देशात, झ्युरिकच्या जागतिक स्पर्धेत, १८ वर्षांची म्युरियल फुरर पावसात जंगलातल्या रस्त्यावर पडली. ही एकाच दिवसाची ज्युनियर शर्यत होती आणि रायडरच्या कानात रेडिओ नव्हते. ती पडल्याचं लगेच कुणाला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी तीही गेली.

यानंतर सगळे म्हणाले, ट्रॅकर लावा. बरोबरच आहे. पण सॉफ्टवेअरवाला म्हणून मला पुढचा भाग जास्त अवघड वाटतो. "ठिपका थांबला की अलार्म" असा कोड लिहिला तर दिवसभर अलार्मच वाजेल. रायडर पंक्चरला थांबतात, लघवीला थांबतात, सायकल बदलतात. ट्रॅकर सायकलवर असेल तर टाकून दिलेली सायकल "अपघात" दाखवणार. शंभर खोट्या अलार्मनंतर एकशे एकाव्याकडे कोण बघतं? म्हणून ठिपका रस्ता सोडून बाजूला गेलाय का, वेग एकदम शून्यावर आला का, टीमची गाडी जवळ आहे का, हे सगळं एकत्र तपासावं लागतं.

आणि "थांबला" व "माहितीच येत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरंधा घाटात आमच्या ग्रुपमधला एक जण मागे राहिला होता. त्याचं लाइव्ह लोकेशन एका वळणावर पंचवीस मिनिटं गोठलेलं. आम्ही घाबरून उलटे फिरलो, तर साहेब मजेत पेडल मारत येत होते. नेटवर्क गेलं होतं, बस. ठिपक्याखालची शेवटच्या अपडेटची वेळ आमच्यापैकी एकानेही बघितली नव्हती.

२०२५ मध्ये यावरून भांडणही झालं. ऑगस्टमध्ये महिलांच्या टूर द रोमांडीत सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआयने प्रत्येक टीममधल्या एका रायडरला ट्रॅकर लावायला सांगितलं. ती रायडर टीमनेच निवडायची होती. टीमचं म्हणणं, सुरक्षेला विरोध नाही, पण रायडर तुम्ही निवडा. शेवटी पाच टीम शर्यत सुरू होण्याआधीच बाद! ट्रॅकरचं वजन ६३ ग्रॅम, म्हणजे एका अंड्याएवढं. जिथे ग्रॅम-ग्रॅम वाचवतात तिथे एकीलाच जास्त ओझं का, हा प्रश्न मला पटतो. पण मग उत्तर "सगळ्यांना लावा" हेच यायला हवं होतं. पुढच्याच महिन्यात रवांडातल्या किगालीच्या जागतिक स्पर्धेत तसंच केलं गेलं.