थोरले कोण, धाकटे कोण?

माळव्यातील देवास हे गाव एके काळी दोन संस्थानांची राजधानी होते. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या वंशजांनी एकाच गावातून कारभार केला. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, तोवर एकीला थोरली पाती आणि दुसरीला धाकटी पाती म्हणण्याचा प्रघात होता. मौज अशी, की विस्ताराने दोघींत फारसे अंतर नव्हते. थोरलेपण होते ते वडीलकीचे, मुलखाचे नव्हे.

पवारांच्याच दुसऱ्या शाखेचे धार. तेथील लोहस्तंभाचे तुकडे लाट मशिदीपाशी आडवे पडलेले आहेत. मूळ स्तंभ १३ मीटरांच्या आसपास असावा, असा जाणकारांचा अंदाज आहे. दिल्लीचा लोहस्तंभ ७ मीटरांहून थोडाच अधिक. तरीही पाच वर्षांच्या मुलाला विचारले, तर ते उभ्या असलेल्या दिल्लीच्या स्तंभालाच मोठा म्हणेल.

यात त्या मुलाचा दोष नाही. पसरट वाटीतले पाणी उंच पेल्यात ओतले की ते वाढले, असे लहान मुलांना वाटते, हे ज्यां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते. ‘मोठा’ हा आपला शब्दही फसवा आहे. लांब, उंच, रुंद, जाड, जड, वयाने वडील या सर्वांचे ओझे तो एकटा वाहतो. म्हणून ‘मोठे कोणते?’ या प्रश्नाआधी ‘कशाने मोठे?’ हा प्रश्न यावयास हवा. आमच्या मते गणिताचा खरा श्रीगणेशा तोच होय.

त्यासाठी खर्चिक साहित्य लागत नाही. १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी पाने, बिया, काड्या, शंखशिंपले यांतूनच बालशिक्षण उभे केले. १९८२ साली मध्य प्रदेशात स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने देवासमध्येही केंद्र चालवून, मुलांनी हाताने करून शिकावे हाच आग्रह धरला. माळव्यात कणसे आणि शेंगा, तर आपल्याकडे नारळ, सुपारी आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या, एवढ्यावर बालवर्ग चालू शकतो. शहाळे सुक्या नारळाहून मोठे दिसते, पण सोलल्यावर काय उरते, हे मुलाने स्वतः पाहावे.

प्रत्यक्षात मात्र चित्र निराळे दिसते. पुस्तकातला हत्ती आणि उंदीर दाखवून ‘मोठा कोण?’ विचारले जाते. कागदावर दोघेही बोटभरच असतात, आणि मूल पाठ केलेले उत्तर देते. ते शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणते, पण दोन काड्या शेजारी ठेवताना त्यांची टोके जुळवीत नाही. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला अंकज्ञान देण्यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरविली. केवळ घोकंपट्टीने ती पाळली, तर यश कागदावरच राहील.

पालकांना आमचे सांगणे एवढेच, की मुलाने किती अंक लिहिले हे विचारण्यापूर्वी त्याच्या हाती दोन नारळ द्यावेत आणि ते काय म्हणते, ते शांतपणे ऐकावे.