थायलंडचे खेळ, आपल्या विहाराचे अंगण

थायलंडला जाऊन आलेले आपले बांधव बुद्धमूर्तींची आणि सोनेरी शिखरांची छायाचित्रे आणतात. तिथली मुले काय खेळतात, हे मात्र कोणी विचारून येत नाही. आरोग्याच्या पानावर आज आम्ही त्याविषयीच लिहीत आहोत. कारण वस्त्यांमध्ये मुलांची तपासणी करताना आम्हाला एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसते. मूल मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसलेले असते. चार पावले धावले की त्याला धाप लागते. आणि बारा वर्षांच्या मुलीला "आता मोठी झालीस" म्हणून घरात बसवलेले असते.

थायलंडमध्ये विहाराला 'वत' म्हणतात. १९२१ साली तिथे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा कायदा झाला. त्याआधी कित्येक पिढ्या गावची शाळा म्हणजे वतच होते. भिक्खू मुलांना अक्षरे शिकवत. आजही तिथल्या अनेक शाळा वताच्या आवारात भरतात. म्हणजे विहाराच्या अंगणात मुलांचा वावर असणे, ही तिथली जुनी रीत आहे. एक उणीवही सांगितली पाहिजे. वतातली ती जुनी शाळा मुलग्यांची होती, मुली बहुतेक बाहेरच राहिल्या. आपण चांगले ते घ्यावे आणि उणे ते ओळखावे.

आता खेळ पाहू. या खेळांना ना मोठे मैदान लागते, ना पैसा.

'मॉन सॉन फा' म्हणजे 'मॉन माणूस फडके लपवतो'. मॉन हा थायलंड आणि म्यानमारमधला एक प्राचीन बौद्ध समाज. मुले गोल करून बसतात, टाळ्या वाजवत गाणे म्हणतात. एक जण पिळलेले फडके घेऊन गोलाबाहेरून फिरतो आणि हळूच कोणाच्या तरी मागे टाकतो. त्याला कळले तर तो फडके उचलून पाठलाग करतो, आणि पळणाऱ्याने रिकामी जागा गाठायची. नाही कळले तर फडक्याचे फटके! वाचकहो, ओळख पटली ना? आपले 'मामाचे पत्र हरवले' ते हेच. आमची एकच सूचना : फटके वगळावेत, हरलेल्याने एक गाणे म्हणावे.

'री री खाव सान' या नावातला 'खाव सान' म्हणजे तांदूळ. दोन मुले हात उंच धरून कमान करतात. बाकीची मुले पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, रांगेने गाणे म्हणत कमानीखालून जातात. गाणे संपले की कमान खाली येते आणि एक जण अडकतो. अगदी लहान मुलांनाही हा खेळ जमतो.

'न्गू किन हांग' म्हणजे 'साप शेपूट खातो'. सर्वांत पुढे आई साप, तिच्या मागे एकमेकांची कंबर धरून पिल्ले. समोर बाप साप. आधी दोघांत सवाल-जबाब होतात, मग बाप साप शेपटीचे पिल्लू पकडायला धावतो आणि आई हात पसरून त्याला अडवते. सगळी रांग डावी-उजवीकडे वळते. यात मोठी मुले पुढे राहून मागच्या लहानांना सांभाळतात. रांग तुटू द्यायची नाही, एवढाच नियम.

'ती चप' ऐकले तर आपल्याला कबड्डीच आठवेल. एका दमात 'ती…' असा आवाज काढत प्रतिस्पर्ध्यांच्या हद्दीत जायचे, त्यांना शिवायचे आणि दम तुटण्याआधी परत यायचे.

याशिवाय रबरबँड एकमेकांत ओवून केलेल्या लांब दोरीवरून उड्या मारतात. दोरी आधी घोट्याजवळ, मग गुडघ्याजवळ, मग कमरेपर्यंत चढत जाते. नारळाच्या दोन करवंट्यांना भोक पाडून, दोरी ओवून, ती पायाच्या बोटांत आणि हातांत धरून चालण्याच्या शर्यतीही लावतात.

आता आरोग्याचे बोलू. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटे चांगली धावपळ व्हायला हवी. आठवड्यातून किमान ३ दिवस हाडे आणि स्नायू बळकट करणारे खेळ हवेत. रबराच्या दोरीवरच्या उड्या हेच काम करतात. करवंटीवर चालल्याने तोल आणि घोट्याची ताकद सुधारते. 'ती चप'मध्ये श्वासावर ताबा येतो. शिवाय दिवसाउजेडी बाहेर खेळणाऱ्या मुलांना लांबचे कमी दिसण्याचा, म्हणजे चष्मा लागण्याचा, धोका कमी असतो.

खेळ ही तपासणीसुद्धा आहे. कोणते मूल लवकर दमते, कोणाला हाक ऐकू येत नाही, कोणाचा पाय मुरगळल्यासारखा पडतो, हे खेळताना चटकन कळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१ नुसार देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. मुलगी खेळताना वरचेवर धापा टाकत असेल तर "नाजूक आहे" म्हणून बाजूला बसवू नका. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती खाते का, तेही विचारा. आणि मातांनो, पाळी आली म्हणून खेळ बंद करण्याला वैद्यकशास्त्रात काहीही आधार नाही. त्या दिवसांतही मुलीला खेळावेसे वाटले तर खेळू द्या.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. या खेळांत खांद्यावर हात ठेवावा लागतो, कंबर धरावी लागते, गोलात गुडघ्याला गुडघा लावून बसावे लागते. सातारच्या शाळेत बाल भीमरावांना वेगळ्या गोणपाटावर बसवले जाई. ज्या समाजाच्या लेकरांना वेगळे बसवले गेले, त्या समाजाने आपल्या अंगणात सगळ्यांना एका गोलात बसवावे. शेजारच्या वस्तीतल्या मुलांनाही बोलवावे. समतेचा पहिला धडा मूल हाताच्या स्पर्शातून शिकते.

आपल्या अनेक विहारांत रविवारी वंदना होते आणि नंतर फाटकाला कुलूप लागते. त्या दिवशी वंदनेनंतर एक तास अंगण मुलांसाठी उघडे ठेवा. महिला मंडळाच्या दोघींनी लक्ष ठेवावे. आधी जमिनीवरच्या काचा आणि खडे वेचा, करवंटीच्या कडा घासून घ्या, पिण्याचे पाणी ठेवा. उन्हाळ्यात खेळ सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर घ्या. दिव्यांग मूल असेल तर त्याला कमानीत उभे करा किंवा गाणे सांगायला बसवा, पण बाहेर ठेवू नका. आणि मुलग्यांइतक्याच मुली आल्या आहेत ना, हे दर रविवारी मोजा. कमी असतील तर घरोघरी जाऊन त्यांना बोलावून आणा.

विहारात गलका होतो अशी तक्रार काही ज्येष्ठ करतील. त्यांना नम्रपणे सांगावे, की हीच मुले उद्या विहार सांभाळणार आहेत. त्यांचे पाय आजपासून इकडे वळू द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!