रंगाच्या टवक्यातील थर

जव्हारहून मोखाड्याकडे आणि पुढे त्र्यंबकेश्वरकडे जाणारा रस्ता घाटाचा, वळणावळणाचा आहे. मजुरीला निघालेली माणसे आणि आश्रमशाळेची मुले याच रस्त्याच्या कडेने जातात. समजा, पहाटे एका सायकलस्वाराला धडक देऊन गाडी निघून गेली आणि तो दगावला. नंबर कोणी पाहिला नाही. सायकलच्या मडगार्डवर पांढरा ओरखडा आणि खाली नखाएवढा रंगाचा टवका, एवढेच मागे उरले.

त्या टवक्यावर पुष्कळ अवलंबून असते. गाडी सापडलीच नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ नुसार मृताच्या कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पासूनची ही ठरावीक रक्कम. गाडी सापडली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जाता येते. तेथे मृताचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांचा हिशेब होतो.

पण पांढऱ्या गाड्या पैशाला पासरी! मग रंगावरून गाडी ओळखायची कशी? त्यासाठी आपल्याला रंगाच्या थरांत शिरावे लागेल.

कारखान्यात गाडीचा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर इपॉक्सीचा गंजरोधक थर बसवतात. त्यावर प्रायमर, मग डोळ्यांना दिसणारा रंग आणि शेवटी पारदर्शक थर. सगळे मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडी अधिक. आता एखादी जुनी जीप घ्या. ती कठड्याला घासली, गॅरेजमध्ये पुटी भरून रंग मारला. पुढे मालक बदलला, पुन्हा रंग. मूळ चार थरांवर आणखी तीन-चार चढले. नेमका हाच क्रम दुसऱ्या गाडीवर असण्याची शक्यता फार कमी. म्हणून नव्या कोऱ्या गाडीपेक्षा ही ठिगळे लावलेली जीप तपासनीसाला सोयीची! कॅनडाच्या पोलिसांनी १९७० च्या दशकापासून कारखान्यांतील थरांची माहिती साठवली आहे. तिच्यावरून गाडीची कंपनी आणि साधारण वर्ष कळू शकते. गॅरेजमधली पुटी मात्र अशा यादीत कुठून असणार? तिच्यासाठी संशयित गाडीचाच टवका शेजारी ठेवून पाहावा लागतो.

मुंबईत कलिना येथे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळेत टवक्याचा उभा छेद घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. थरांचा क्रम जुळला नाही, तर काम तेथेच संपते. जुळला, तर अवरक्त किरणांची पाळी. रेणूंमधील बंध ठरावीक तरंगलांबीचे किरण शोषतात. त्यांच्या आलेखावरून रंगातील राळ अल्कीड आहे की ॲक्रिलिक, हे समजते. क्ष-किरणांच्या वर्णपटावरून मूलद्रव्ये कळतात : पांढऱ्या रंगात टायटॅनियम, पुटीत बहुधा कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम. टवका हवेविना तापवून निघणारे वायू तपासण्याची पद्धत शेवटी वापरतात, कारण त्यात नमुना उरत नाही.

टवक्याची तुटकी कड गाडीवरच्या खळग्यात फुटलेल्या खापरासारखी बसली, तर प्रश्नच मिटला. नुसते थर जुळले, तर दोन्ही नमुने एकाच गाडीचे असू शकतात, एवढेच तज्ज्ञ म्हणू शकतो. नमुना गोळा करणाऱ्याची काळजीही तितकीच महत्त्वाची. टवका चिकटपट्टीने उचलला, तर पट्टीचा डिंकही आलेखात उमटतो. त्यापेक्षा कागदाची पुडी बरी. गाडीवरचा नमुना धडकेच्या लगतच्या शाबूत भागातून, थेट पत्र्यापर्यंत खरवडून घ्यावा. दार रंगवलेले आणि बॉनेट मूळचे, असे अनेकदा असते.

थर पाहायला प्रयोगशाळाच हवी असे नाही. वर्गाच्या जुन्या दारावर रुपयाएवढी जागा ओल्या पॉलिशपेपरने, मध्यभागी खोल होईल अशी घासावी. खोडाच्या छेदासारखी कडी दिसतात. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासू नये आणि नंतर हात धुवावेत. हे काम शिक्षकांनी स्वतः केलेले बरे, असे आम्हाला वाटते. मग शेजारच्या वर्गाचे दारही असेच घासून मुलांना विचारा : दोन्ही दारांचे थर सारखे निघाले, तर व्हरांड्यात पडलेला टवका कोणत्या दाराचा, हे कसे ठरवाल?