दोन फुल्या आणि एक घात

जावास्क्रिप्टमध्ये २ चा दहावा घात काढायचा तर २ ** १० असे लिहितात. उत्तर येते १०२४. दोन फुल्यांचे हे चिन्ह भाषेत आले ते २०१६ च्या आवृत्तीत. त्याआधी मॅथ.पॉव(२, १०) या फंक्शनवर काम भागत असे, आणि ते आजही चालते.

एक्सेलमध्ये घातासाठी ^ वापरणारे इथे हमखास फसतात. जावास्क्रिप्टमध्ये २ ^ ३ चे उत्तर ८ नव्हे, १ येते. हे चिन्ह दोन्ही संख्यांचे द्विमान अंक जोडीजोडीने ताडून पाहते: अंक वेगळे असले तर १, सारखे असले तर ०. द्विमानात २ म्हणजे १० आणि ३ म्हणजे ११, म्हणून फक्त शेवटचा १ उरतो. बरे, चूक दाखवणारी सूचनाही येत नाही; चुकीचा आकडा निमूटपणे पुढच्या हिशेबात शिरतो.

घातावर घात असेल तर आकडेमोड उजवीकडून सुरू होते. २ ** ३ ** २ मध्ये आधी ३ चा वर्ग, मग २ चा नववा घात, म्हणजे ५१२. वहीतल्या गणिताचा नियमही हाच.

खरी अडचण ऋण चिन्हाची. -२ ** २ चे उत्तर पायथन -४ देते, तर एक्सेलमध्ये -२^२ चे ४ येते. जावास्क्रिप्ट या वादात पडतच नाही. कंस न घालता असे लिहिले तर ती वाक्यरचनेची चूक ठरते आणि प्रोग्रॅम चालतच नाही. (-२) ** २ की -(२ ** २), हे लिहिणाऱ्यानेच ठरवायचे. हा कडकपणा सुरुवातीला जाचतो, पण तो शहाणपणाचाच म्हणावा लागेल.

घातांक अपूर्णांक असला तर मूळ निघते: ९ ** ०.५ म्हणजे ३. मात्र (-८) ** (१/३) चे उत्तर -२ येत नाही, ‘संख्या नव्हे’ असा शेरा येतो. ऋण संख्येच्या घनमुळासाठी मॅथ.सीबीआरटी हे वेगळे फंक्शन आहे.

घात वाढला की अचूकता सुटते. २ ** ५३ म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. त्यात १ मिळवला तरी उत्तर तेच राहते. २ ** १०२४ ला तर थेट ‘अनंत’ मिळते. २०२० च्या आवृत्तीत आलेला बिगइंट हा प्रकार मोठ्या पूर्णांकांचा अंक न् अंक जपतो. त्यासाठी आकड्याला ‘एन’ हे इंग्रजी अक्षर जोडतात. बिगइंटला ऋण घातांक मात्र चालत नाही, आणि पाया बिगइंट व घातांक साधी संख्या अशी सरमिसळही नाकारली जाते.