शेपूटवाल्या पेशी

धूमकेतू पाहिलाय का कधी? नसेल, तर आज एक दाखवते. हा आकाशात नाही, रक्ताच्या थेंबात सापडतो!

थेंबातल्या पांढऱ्या पेशी घ्यायच्या आणि जेलीत बसवायच्या. आई चायना ग्रास घालून पुडिंग थिजवते ना, त्याच्याच नात्यातली ही जेली, समुद्री शेवाळातून काढलेली. काचपट्टीवर तिचा पातळ थर द्यायचा. मग पेशींची आवरणं विरघळवायची, वीज सोडायची, रंग घालायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. डीएनए धडधाकट असेल तर दिसतो लख्ख गोल चेंडू. तो तुटलेला असेल, तर तुकडे विजेच्या ओढीनं एका बाजूला पळतात आणि चेंडूला शेपूट फुटतं. मोडतोड जितकी जास्त, तितकं शेपूट लांब. हीच कॉमेट, म्हणजे धूमकेतू, चाचणी. तिची पहिली रीत दोन स्वीडिश शास्त्रज्ञांनी मांडली, १९८४ साली.

त्याच वर्षी २ डिसेंबरच्या मध्यरात्री भोपाळमधल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू हवेत सुटला. त्यापासून तिथे कीटकनाशक बनवत. गॅस लागलेल्या लोकांच्या रक्तपेशी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा काहींची गुणसूत्रं, म्हणजे डीएनएच्या गुंडाळ्या, तुटलेली दिसली.

आता तुम्ही विचाराल, सगळ्यांना सारखाच त्रास झाला का? नाही. कोण किती जवळ होतं, वारा कुठे वाहत होता, कोण किती वेळ गॅसमध्ये सापडलं, यावर बरंच ठरलं. पण एक फरक शरीराच्या आतही असतो, आणि मला तो फार नवलाचा वाटतो.

आपल्या पेशींत ग्लुटाथायोन नावाचा छोटासा रेणू असतो. विष दिसलं की तो त्याला चिकटतो आणि बाहेरची वाट दाखवतो. मिथाइल आयसोसायनेटलाही तो पकडतो, पण ही पकड सैल असते. प्रयोगशाळेत असं दिसलं, की तो विषाला घेऊन पुढे जातो आणि दुसरीकडे सोडूनही देतो. पहारेकरीच चोराचा टांगा झाला म्हणा ना!

या पहारेकऱ्याला मदतनीस असतात. त्यातल्या एकाची कृती जीएसटीएम-१ या जनुकात लिहिलेली असते. पण ते पान काही जणांच्या पुस्तकात नसतंच. आईकडूनही मिळालं नाही, बाबांकडूनही नाही. युरोपात जवळपास निम्म्या लोकांकडे ते नसतं. अशी माणसं आजारी नसतात बरं का, तुमच्याआमच्यासारखीच हिंडतात-खेळतात. काही रसायनं अंगावर आली, तरच फरक पडू शकतो.

असंच एक रसायन म्हणजे बेन्झिन. पेट्रोलमध्येही ते थोडं असतं. शरीर त्याचं आधी आणखी जहाल रूप करतं, आणि मग दुसराच एक मदतनीस त्याला शांत करतो. १९९७ साली शांघायमधल्या बेन्झिन हाताळणाऱ्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात पहिलं काम झपाट्यानं होत होतं आणि दुसरा मदतनीस नव्हताच, त्यांना विषबाधेचा धोका, पहिलं काम संथ असलेल्या आणि मदतनीस असलेल्या कामगारांपेक्षा, सातपटीहून जास्त होता.

मग ‘कमकुवत’ जनुकाच्या माणसाला कामावर घेऊच नये का? मला हे मुळीच पटत नाही. मदतनीस नसणं काही विषांच्या बाबतीतच नडतं, दुसऱ्या एखाद्या विषाच्या बाबतीत तोच माणूस कणखर निघू शकेल. आणि जनुक कुणी निवडून घेतलेलं नसतं. गळका नळ मात्र दुरुस्त करता येतो, पंखा लावता येतो, मास्क देता येतो. ज्याला सर्वांत लवकर बाधेल, त्याला चालेल इतकी हवा स्वच्छ हवी.

आणि ते शेपूट? ते कायमचं नसतं. जेलीत बसवण्याआधी पेशींना थोडा वेळ उबेत ठेवलं, तर पेशीतले दुरुस्ती करणारे कारागीर कामाला लागतात. तुटलेली टोकं सांधली जातात आणि पुढच्या काचपट्टीवर शेपूट आखूड दिसतं. दोन माणसांच्या पेशी शेजारी शेजारी ठेवा. एकीचं शेपूट लवकर गायब होतं, दुसरीचं अजून लुकलुकत असतं.